परात उलटी फिरवली तेव्हा

ग्रनोबल,
रविवार, १३ मार्च १९८३

प्रिय जिस्लेन,

तुझं पत्र आणि मिरेयच्या लग्नाची पत्रिका एकाच लिफाफ्यातून आली. पत्रिका मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली आहे, केस विंचरताना रोज दिसते. काल एवढीशी होती पोरगी, माझ्याकडे आली की अक्रोड फोडून फोडून बोटं काळी करून घ्यायची. तुझ्या होणाऱ्या जावयाच्या, लोइकच्या घरची सार्डिनची बोट आहे म्हणतेस, म्हणजे जन्माची मासळीची सोय झाली. मुलगा हसरा आहे ना? बाकी मला काही विचारायचं नाही.

तुझा घोटा आता कसा आहे? तळघराच्या जिन्यातला दिवा गेलेला असताना अंधारात उतरलीसच कशाला? यानला म्हणावं, नवरोबा, बोटीचं इंजिन रोज पुसतोस, घरातला एक बल्ब बदलायला हात झिजतात का?

लोइकने विचारलं ना, मिरेयची मावशी डोंगरात बसून समुद्राचं काय काम करते? सांग त्याला, मावशी एक हौद फिरवते. घराएवढा रुंद गोल हौद, त्यात कमरेइतकं पाणी, पाण्यावर एक अरुंद पूल आणि वर आमची बसायची खोली. हे सगळं मिळून चाकांवर संथ फिरत असतं. पृथ्वी फिरते म्हणून समुद्रातल्या प्रवाहांना वळण लागतं, आणि ते वळण एका शेडमध्ये बसून बघायचं तर शेडमधलं पाणीही फिरवायलाच हवं. आम्ही त्या सगळ्या पसाऱ्याला परात म्हणतो. एकदा चालू केली की दिवस दिवस थांबवत नाही. एकदम थांबवली तर परात थांबते, पाणी थांबत नाही, ते काठावरून उडी मारून शेडभर पसरतं. म्हणून आम्ही चालत्या परातीवरच चढतो आणि चालतीवरूनच उतरतो.

आणि त्याला हेही सांग, की परातीवर मान हलवायची नसते. अंग एकीकडे फिरत असताना मान दुसरीकडे वळवली की पोट ढवळून येतं. नवी मंडळी बादली मांडीवर घेऊनच बसतात. म्हणून आम्ही हो आणि नाही हाताने म्हणतो. अंगठा वर केला की हो, बोट आडवं हलवलं की नाही. रेजिस बूव्हा, माझ्याबरोबर पहिल्यापासून आहे तो मेकॅनिक, त्याने स्वतःच्या लग्नात पाद्रीबाबांना अंगठा दाखवून होकार दिला होता. त्याची बायको अजून ते विसरलेली नाही.

माझं काम खुर्चीत बसून परातीची चाल सांभाळायचं. काटे आहेत समोर, पण काट्यांच्या आधी बुडाला कळतं कुठलं चाक अडखळतंय ते. रेजिस पुलावर ओणवा होऊन पाण्यातली यंत्रं लावत असतो तेव्हा मी कान आणि अंग लावून बसते. जरा थरथर जाणवली की घंटा, आणि घंटा झाली की तो हातातलं टाकून दोन्ही हातांनी कठडा धरतो. एवढ्या वर्षांत त्याला साधं खरचटलेलंही नाही, आणि त्याचं श्रेय तो माझ्या बुडाला देतो, तेही चारचौघांत.

एक गंमत फक्त तुला सांगते. परवा खोलीत एकटीच होते, लोकरीचा गुंडा घरंगळत टेबलाखाली गेला आणि मी विसरून बाजूला वाकले. खाली डोकं, वर डोकं, मान आडवी. आणि काहीच झालं नाही! पोट जागच्या जागी. मग मुद्दामच मान हलवून बघितली, घोडा माशा हाकलतो तशी. काही नाही. इतक्या वर्षांनी का होईना, परातीला मी जिंकलं म्हणायचं. बाकीच्यांना सांगितलं नाही. झाकली मूठ बरी.

लग्नाला यायचं बघते. जून अजून लांब आहे. पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, की 'त्या दिवशी वाइन जपून, आईसारखं भिंत धरून चालायची वेळ आपल्यापैकी कोणावर यायला नको', ते वाचलं. त्याबद्दल सावकाश लिहीन.

तुझी,
सोलांज


ग्रनोबल,
रविवार, १७ एप्रिल १९८३

प्रिय जिस्लेन,

घोटा बरा झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. चष्म्याचा नंबर वाढला म्हणतेस. धक्क्यावरून चालताना बोटींवरची नावं उड्या मारतात आणि थांबलं की नीट वाचता येतात, हे वाचून मी हसले, कारण माझंही तेच झालंय. बाजाराच्या रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या अशा हलतात की बेकरीची पाटी कुठली आणि खाटकाची कुठली कळत नाही. म्हाताऱ्या झालो आपण, दुसरं काय. मीही चष्मा करायला टाकला आहे.

इकडे मोठी घटना म्हणजे परात उलटी फिरवली.

हिमेना ओयार्सून म्हणून चिलीच्या बाई आमच्याकडे आल्या आहेत. त्यांच्या देशात सध्या लष्कराचं राज्य, परत जायची सोय नाही. ज्या किनाऱ्यावर त्या वाढल्या त्याचा तळ त्यांनी स्वतः सिमेंटमध्ये घडवून आमच्या हौदात बसवला आहे. खाडी, भूशिर, सगळं. जायला मिळत नाही तर निदान ओणवं होऊन बघायला मिळतं, असं त्या म्हणतात आणि मग दुसराच विषय काढतात. तो किनारा पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यातला. तिकडे पाण्याला वळण उलटं लागतं, म्हणून परातही उलटी फिरवायला हवी. एवढ्या वर्षांत ती कधी उलटी फिरली नव्हती.

आता मजा ऐक. परातीवरून उतरायची एक रीत आहे. तोंड चालीच्या दिशेला, कठडा सोडायचा, उजवा पाय बाहेर, आणि जमिनीवर दोन पावलं पळाल्यासारखी टाकायची. हे आमच्या पायांना इतकं पाठ आहे की डोकं विचारावंच लागत नाही. पहिल्या दिवशी शार्वेसाहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, सकाळी सगळ्यांना बजावलं, दिशा बदलली आहे, सांभाळा. सगळ्यांनी अंगठे वर केले. आणि दुपारी जेवायला उतरताना एकेक जण जुन्याच दिशेला तोंड करून उजवा पाय बाहेर टाकतोय आणि पाठीवर आपटतोय. रेजिस तर असा बसला की त्याच्या डब्यातलं बटाट्याचं ग्रातँ त्याच्याच छातीवर. बजावणारे शार्वेसाहेब सगळ्यात शेवटी उतरले आणि तेही आपटले. जुने लोक जास्त आपटले, नव्यांना रीत पाठ नव्हती म्हणून ते वाचले.

मी आपटले नाही.

मी नीट उतरले, तोंड योग्य दिशेला, डावा पाय बाहेर, जशी काही जन्मभर उलट्याच परातीवर काम करत होते. शार्वेसाहेब धूळ झटकत म्हणाले, सोलांजकडून शिका, तिला म्हणतात तोल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

घरी जाताना मात्र डोक्यात एकच घोळत होतं. माझे पाय का चुकले नाहीत? सगळ्यात जुन्यांपैकी मी एक. रीत माझ्या हाडांत असायला हवी. मग ध्यानात आलं, की उतरताना मी खाली फरशीकडे बघून, विचार करून पाय टाकला होता. आणि असं बघून पाय टाकायला मी आजच सुरुवात केलेली नाही. बरेच दिवस मी तसंच करते आहे.

दुसऱ्या दिवशी खोलीचे पडदे ओढून मी खुर्चीत डोळे मिटून बसले. पूर्वी परात चालू होताना तिची चाल अंगात कळायची, वेग घेतला की पाठीला, मंदावली की पोटाला. रेजिसला म्हटलं, वेग थोडा कमी-जास्त कर, मला काटे तपासायचे आहेत. मी डोळे मिटूनच होते. वेग कधी बदलला, मला कळलं नाही. परात फिरते आहे की उभी आहे, तेही मला सांगता आलं नसतं.

मन म्हणतं, दमली असशील. असेन. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पडलेसुद्धा. केस धुताना डोळ्यांत साबण गेला, डोळे मिटले आणि दुसऱ्या क्षणी खाली. कोपर सुजलं आहे. साबणावरून पाय घसरला असणार. काळजी करू नकोस, आणि मिरेयला यातलं काही सांगू नकोस.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी अंगणात नाच असतो का गं अजून, करंगळीत करंगळी अडकवून गोल करायचा तो? दिवे असतील ना तिथे?

तुझी,
सोलांज


ग्रनोबल,
रविवार, १५ मे १९८३

प्रिय जिस्लेन,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून रागावली असशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. मला भीती वाटते आहे, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

हिमेनाबाईंचं काम असं आहे. भूशिरावरून रंगीत पाणी सोडायचं आणि पलीकडे त्याचे भोवरे सुटतात ते बघायचे. परात संथ असली की भोवरे एकामागोमाग एक सुटतात, शाळेची पोरं रांगेत निघावीत तसे. वेग अगदी थोडा वाढवला की रांग मोडते. एक मोठा, एक लहान, एक उलट फिरून पहिल्यालाच गिळतो. बाईंनी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. तेच पाणी, तेच मीठ, तोच वेग. सुरुवातीला दोन प्रयोग हुबेहूब जातात, मग एका जागी वाटा फुटतात आणि पुढे एकाचा दुसऱ्याशी काही संबंध राहत नाही. बाई म्हणतात, ही चूक नाही, हा पाण्याचा स्वभावच आहे. केसाएवढा फरक आपल्याला न दिसता राहतो आणि वाढत जातो. शार्वेसाहेब म्हणतात, पाण्याला स्वभाव नसतो, यंत्राला बिघाड असतो. परात कुठेतरी थरथरत असेल, तर भोवरे बिघडणारच, आणि मग बाईंच्या सगळ्या कामाला काही अर्थ नाही. बाईंचा करार जूनअखेर संपतो. काम टिकलं तर तो वाढेल. नाहीतर पोराला घेऊन कुठल्या देशात जायचं, हा प्रश्न.

बैठकीत साहेबांनी मला विचारलं, "सोलांज, खुर्चीत तुम्ही असता. परात थरथरते का?"

काट्यांवर काही दिसत नव्हतं, पण काटे जाडे आहेत हे सगळ्यांना माहीत. म्हणून तर मला विचारत होते. हिमेनाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी बोट आडवं हलवलं. नाही. थरथर असती तर मला कळली असती, असंही वर म्हणाले.

तेवढ्यावर विषय मिटला, जिस्लेन. माझ्या शब्दावर. बाईंनी बाहेर येऊन माझे दोन्ही हात धरले.  मला काहीच कळत नाही हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं. तरी बोट हललं, कारण दुसरं काही म्हटलं तर खुर्ची गेली, आणि खुर्चीशिवाय मी कोण, ते मला माहीत नाही.

नंतरचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. बाटलीत पाणी भरून खुर्चीच्या हातावर ठेवायची आणि पाण्यावर तरंग उठतो का बघत बसायची. पण बाईंना चित्रं अंधारात घ्यावी लागतात, भरदुपारी शेडच्या झडपा लावून दिवे घालवतात, फक्त पाण्यातून उजेडाची एक पातळ फीत जाते. अंधारात बाटली दिसत नाही. आणि अंधारातच रेजिस पुलावर जातो.

परवा शुक्रवारी तो ओणवा होऊन रंगाची नळी सरळ करत होता, दोन्ही हात पाण्यात. मी खुर्चीत. सगळं शांत होतं, निदान मला तरी. मग त्याची शिवी ऐकू आली आणि मोठा धपकन आवाज झाला. एका चाकाच्या बेअरिंगमधला छर्रा फुटला होता. नंतर त्याने सांगितलं, त्याआधी बराच वेळ पुलाला बारीक थरथर लागली होती. "मला वाटलं, काही असतं तर तू घंटा मारली असतीस. म्हणून हात काढले नाहीत." चाक अडलं, परातीला धक्का बसला, आणि तो कठड्यावर आपटून पाण्यात पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून, आणि डोकं सिमेंटच्या भूशिराच्या वीतभर बाजूला आपटलं म्हणून वाचला.

दिवे लागले. परात हळूहळू थांबवत होते, अजून चांगली फिरत होती. मी पुलावर धावले, आणि त्याला काठावर ओढून घेतलं. रंगामुळे सगळा हिरवा झाला होता, मिशासुद्धा. तशातही म्हणाला, लोइकच्या बोटीवर मासा म्हणून खपेन. मग हळूच विचारलं, "तुला कळलं नाही?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. रडत होते आणि मान हलवत होते.

फिरत्या परातीवर. जिथे आमच्यापैकी कोणी मान हलवू शकत नाही.

रेजिसचं कण्हणं थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हिरव्या चेहऱ्यावर जी भीती होती ती स्वतःच्या हाडाची नव्हती.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

मी सांगितलं नाही. डॉक्टर आले, त्याला नेलं. काल इस्पितळात भेटायला गेले, सँ-मार्सलँ चीज नेलं होतं. त्याची बायको बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "मी कोणाला सांगणार नाही, सोलांज. ते तू सांगायचं. पण तुझ्या घंटेवर मी पुन्हा पुलावर जाणार नाही. आणि दुसऱ्या कोणाला मी जाऊ दिलं, तर मी माणूस नाही."

साहेब म्हणतात, आता सगळे प्रयोग रद्द, चाकाचा बिघाड आधीपासूनच असणार.  कोपऱ्यातल्या टेबलावर जुनी चित्रं पालथी घालून ठेवली आहेत हिमेनाबाईंनी.

न्हाणीघरात मी साबणावरून घसरले नव्हते. डोळे मिटले आणि वर कुठे, खाली कुठे, काही उरलं नाही. चक्कर नव्हे. चक्कर आली असती तर निदान काहीतरी कळलं असतं.

दिवे मालवायची भीती वाटते, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर जळतो. शेजारीण म्हणाली, कोणाची वाट बघतेस का? हो म्हटलं.

सोलांज


ग्रनोबल,
रविवार, २९ मे १९८३

प्रिय जिस्लेन,

तुझी तार मिळाली. 'लगेच ये' लिहिलंस. येईन, पण आधी हे सगळं तुला कळायला हवं. भाड्याचे पैसे पाठवू नकोस.

चाक बदललं. सगळी चाकं तपासली, ज्याच्याबद्दल जरा शंका आली ते बदललं. रेजिस हात गळ्यात अडकवून आला आणि माझ्या खुर्चीत बसला. मी बाजूला उभी राहिले, हात भिंतीला. साहेबांनी पॅरिसहून थरथर मोजणारं एक नाजूक यंत्र मागवलं होतं, तेही लावलं. परात गुळगुळीत फिरत होती, रेजिसने अंगठा वर करून सांगितलं. मग बाईंनी रंग सोडला.

रांग मोडली. पुन्हा केलं, पुन्हा मोडली, वेगळ्याच जागी. दिवसभर तेच. यंत्रावर काही नाही, रेजिसच्या अंगाला काही नाही, आणि पाणी मात्र त्याला हवं तसं. बाईंचं म्हणणं खरं होतं. चाक शेवटी शेवटी बिघडलं होतं, आधीचे प्रयोग चांगले होते. त्या आपल्या सिमेंटच्या खाडीकडे बघून रडल्या, आणि शार्वेसाहेबांनी सगळ्यांसाठी शार्त्रूझची बाटली उघडली.

मग साहेब पेला उचलून म्हणाले, "आणि सोलांज बरोबर होत्या. परात थरथरत नाही म्हणाल्या होत्या, नव्हतीच थरथरत."

सगळे माझ्याकडे वळले. कोणीतरी बुडाबद्दलचा तो जुना विनोद केला. मला वाटलं, सुटले. माझा शब्द खरा ठरला होता. रेजिस बोलणार नव्हता. खुर्ची माझीच राहिली असती. जिस्लेन, मी ओठाला पेला लावला होता. पण पुलावर आता रेजिसच्या जागी हिमेनाबाईच जाणार होत्या, दोन्ही हात पाण्यात घालून, अंधारात, माझ्या घंटेवर विसंबून. आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

मी म्हटलं, माझा शब्द खरा होता, पण तो खरा आहे हे मला माहीत नव्हतं. मला गेले कित्येक महिने काहीच कळत नाही.

साहेबांना वाटलं विनय करते आहे. तेव्हा मी शेडच्या मधोमध उभी राहिले, परातीवर नव्हे, साध्या फरशीवर. पाय जुळवले. रेजिसला म्हटलं, मागे थांब. आणि डोळे मिटले.

फळी पडावी तशी पडले, त्याच्या चांगल्या हातावर. मी पडते आहे हे मला त्याचा हात लागल्यावर कळलं.

 आमच्यापैकी प्रत्येकाला हे समजायला शब्द लागत नाहीत. साहेबांनी पेला खाली ठेवला आणि स्वतःच्या गाडीतून मला इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी एका कानात बर्फाचं पाणी घातलं, मग दुसऱ्या. चांगल्या माणसाला याने खोली गरगर फिरते, उलटी होते. त्यांनी विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, गार. त्यांनी लिहून घेतलं आणि पुन्हा बर्फाचं पाणी घातलं. गारच. दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारी जी जागा असते ती माझी गेली आहे, हळूहळू, बहुतेक काही वर्षांपासून. आता परत येणार नाही. उजेडात डोळे काम चालवतात, पायांनाही थोडं कळतं. अंधारात काहीच नाही. खुर्ची अर्थातच गेली. साहेब चित्रं लावायच्या खोलीत बसवणार आहेत, खालच्या मजल्यावर, घट्ट जमिनीवर.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला असं होतं का?

आता ते लिहिते जे मार्चपासून सावकाश लिहीन म्हणत होते.

आई दिवसा कधी भिंत धरून चालली का, आठव. बाजारात, चर्चमध्ये, द्राक्षं खुडताना? कधीच नाही. तिन्हीसांजेला धरायची. दिवा नसलेल्या बोळातून यायची तेव्हा धरायची. गावाने म्हटलं, सुरू झाली हिची बाटली. बाबांनी वाइनच्या कपाटाला कुलूप घातलं, तरी ती धरायचीच, आणि आपण म्हणालो कुठेतरी लपवून ठेवली असेल. तू त्या ख्रिसमसला सगळ्यांसमोर तिला बोललीस आणि समुद्राकाठी, कोंकार्नोला निघून गेलीस. ती तळघराच्या जिन्यात पडली तेव्हा मेणबत्ती विझलेली होती. तोंडाला वास नव्हता, जिस्लेन. मी उचललं तिला, मला माहीत आहे. मी तेव्हाही कोणाला सांगितलं नाही, कारण वास नव्हता तर मग काय होतं, हे मला सांगता आलं नसतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, आईला. ते म्हणाले, मग भावंडांना विचारा.

भीती माझी नाही आता. माझं जे जायचं ते गेलं. तुझा घोटा, तळघराचा जिना, गेलेला बल्ब. धक्क्यावर उड्या मारणारी बोटींची नावं. मी हसले होते त्या पत्राला. नंतर चष्मा आला, आणि माझ्या पाट्या तशाच हलत राहिल्या. तेव्हापासून तुझं ते वाक्य मी किती वेळा वाचलं आहे. तुझ्या चष्म्याने फरक पडला का, हे विचारायला मला धीर झाला नाही, आणि तूही त्यावर काही लिहिलं नाहीस.

लग्नाला मी येते. दिवसाच्या गाडीने. संध्याकाळी नाच सुरू झाला की मला साखळीत तुझ्या शेजारी घे आणि करंगळी घट्ट धर. साखळी कुठल्या दिशेला फिरते ते मला कळणार नाही, तू ओढशील तिकडे मी येईन. गाव बघेल आणि आपलं गाव आईबद्दल जे बोललं तेच बोलेल. बोलू दे.

पण ते जूनमध्ये. आज एवढंच कर. हे पत्र वाचून झालं की यानला हाक मार. एकटी करू नकोस, माझी शपथ आहे. टेबलाजवळ उभी राहा, बूट काढ, पाय जुळव. त्याला मागे हात पसरून उभं राहू दे. मग डोळे मीट.

जे होईल ते मला त्याच दिवशी लिही. तारच कर. आणि तू पडलीस, तर मग मिरेयला हाक मार, तिलाही असंच उभं कर.

स्वयंपाकघरातला दिवा अजून जळतोच आहे. तू विचारशील तर आता सांगते, मी वाट तुझीच बघते आहे.

भिंतीला हात लावून बसलेली तुझी,
सोलांज